परवाना कुणाचा, बेडी कुणाला?

इंदूरहून गुजरातच्या रोखाने निघालेला मद्याचा ट्रक धार, झाबुआ किंवा अलीराजपूरच्या वाटेवर पकडला गेला, ही बातमी आता बातमी राहिलेली नाही. गावाचे नाव आणि पेट्यांचा आकडा तेवढा बदलावा, बाकीचा मजकूर जुळलेला तसाच ठेवावा, इतकी ती नेमाने छापून येते. सोबतचे छायाचित्रही ठरलेलेच. मागे पेट्यांची रास, बाजूला अंमलदार, आणि पुढे जमिनीवर उकिडवे बसवलेले दोन इसम, एक ड्रायव्हर व दुसरा क्लीनर. ज्याने माल भरला तो या छायाचित्रात नसतो. ज्याच्या गोदामात तो उतरायचा होता तोही नसतो. आणि ज्या कचेरीतून त्या मालाचा परवाना निघाला त्या कचेरीतले तर कुणीच नसते. परराज्यात मद्य वाहून नेण्याच्या परवानापद्धतीचा विचार करताना आमची दृष्टी प्रथम जाते ती त्या उकिडव्या बसलेल्या दोघांकडे.

इंदूरच्या ट्रकांची चिंता समुद्रकाठच्या दैनिकाने का वाहावी, असा प्रश्न कुणी विचारील. इंदूर हे मराठी माणसाला परके शहर नव्हे, हे एक उत्तर झाले. होळकरांच्या त्या नगरीशी आपला ऋणानुबंध जुना आहे. पण भावनेचे उत्तर बाजूला ठेवले तरी व्यवहाराचे उत्तर उरतेच. पीतोलच्या नाक्यावर जे घडते तेच पत्रादेवी ओलांडल्यावर इन्सुलीच्या नाक्यावर घडते. मालाचे नाव तेच, कायद्याचे स्वरूप तेच, आणि उकिडवा बसणारा माणूसही त्याच वर्गातला. फरक एवढाच, की तिथे तो झाबुआचा असतो आणि इथे पेडण्याचा, सावंतवाडीचा किंवा चंदगडचा असतो.

या परवान्याची रचना आधी नीट समजून घेतली पाहिजे, कारण ज्यांना तिचा प्रसंग पडत नाही त्यांना ती एखाद्या चिठ्ठीएवढी साधी वाटते. घटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत आठव्या क्रमांकाची नोंद मादक पेयांची आहे. त्यांचे उत्पादन, निर्मिती, ताबा, वाहतूक, खरेदी आणि विक्री या साऱ्यांचा अधिकार राज्यांकडे आहे. एक्कावन्नाव्या नोंदीने त्यांवर शुल्क बसविण्याचा अधिकारही राज्यांनाच दिला. परिणामी मद्याच्या बाबतीत हा देश आजही एक बाजारपेठ नाही. प्रत्येक राज्य दुसऱ्या राज्याला परदेश समजते, आणि भाषाही तीच वापरते. गोव्यातून मध्य प्रदेशात बाटली गेली, तर ती गोव्याची ‘निर्यात’ आणि मध्य प्रदेशची ‘आयात’!

समजा, इंदूरच्या एखाद्या परवानाधारक घाऊक विक्रेत्याला गोव्यात भरलेला माल हवा आहे. त्याने प्रथम आपल्या राज्याच्या अबकारी खात्याकडे आयात परवाना मागायचा आणि त्यासाठी शुल्क भरायचे. तो परवाना गोव्याच्या अबकारी खात्याकडे आला, की इथल्या उत्पादकाने निर्यात परवाना मागायचा. माल शुल्क भरून जातो आहे की बंधपत्रावर, हे ठरायचे. मग अबकारी निरीक्षकासमोर पेट्या मोजून ट्रकात चढवायच्या आणि मोहोर लावायची. परवान्यावर मालाचा प्रकार, परिमाण, ट्रकाचा क्रमांक, जाण्याचा मार्ग आणि मुदत नमूद होते. पत्रादेवी ओलांडली, की महाराष्ट्र. तिथे माल विकायचा नाही, नुसता ओलांडून न्यायचा आहे. तरी त्या राज्याच्या नियमांतून सुटका नाही. कोल्हापूर, पुणे, धुळे करीत सेंधव्याला पोचावे, तिथे मध्य प्रदेशची हद्द. हजाराहून अधिक किलोमीटरची ही मजल मारून माल इंदूरला उतरला, तिथल्या अधिकाऱ्याने मोहोर तपासली, पेट्या मोजल्या आणि पडताळणीचा दाखला गोव्याला परत धाडला, म्हणजे उत्पादकाचे बंधपत्र मोकळे होणार. वाटेत ट्रक बिघडला, घाटात दरड कोसळली, टायर फुटला, आणि परवान्याची मुदत रात्री बाराला संपली, तर बारा वाजून एक मिनिटाने तोच ड्रायव्हर, तोच माल, तोच रस्ता बेकायदा होतो. आधी कळवून मुदत वाढवून घेण्याची सोय कागदावर असते. मध्यरात्री ती कुणाकडून घ्यावी, हे मात्र कागद सांगत नाही.

गंमत अशी, की ज्या ट्रकात हा माल भरलेला असतो त्या ट्रकाचा प्रश्न या देशाने केव्हाच सोडविला आहे. २०१० साली राष्ट्रीय परवान्याची नवी पद्धत आली, आणि एकत्रित शुल्क भरलेला मालट्रक देशभर फिरू लागला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके उठले. गुजरातने २०१९ च्या नोव्हेंबरात आपले परिवहन नाके बंद केले. मध्य प्रदेशने १ जुलै २०२४ पासून त्याच वाटेने जायचे ठरविले. सिमेंट, कापड, औषधे, यंत्रे यांना आता सीमा जाणवत नाही. मद्य मात्र घटनेच्या शब्दांनीच वस्तू व सेवा कराबाहेर ठेवण्यात आले, कारण ती एक गाय दुसऱ्याच्या गोठ्यात बांधायला कुठलेही राज्य तयार नव्हते. अनेक राज्यांच्या स्वतःच्या करउत्पन्नातला दहा ते पंधरा टक्के वाटा एकट्या अबकारीतून येतो. दारूबंदीचे तत्त्वज्ञान सांगणारी सरकारेही हे उत्पन्न डोळ्यांआड करीत नाहीत. घटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदात मद्यनिषेधाचा उपदेश आहे आणि सातव्या परिशिष्टात मद्याच्या उत्पन्नाची तरतूद आहे. आपली राज्ये या दोहोंपैकी कुठले पान अधिक वेळा उघडतात, ते निराळे सांगायला नको.

आता इंदूरकडे वळू. इंदूर हे मध्य भारताच्या मालवाहतुकीचे नाक आहे. आग्रा-मुंबई रस्ता त्याच्या अंगावरून जातो. अहमदाबादचा रस्ता धार व झाबुआवरून पीतोलपाशी गुजरातेत उतरतो. ट्रकाला हे अंतर जेमतेम चार तासांचे. बडवाह आणि धार परिसरात मद्याचे कारखाने आहेत. आणि सीमेपलीकडे आहे गुजरात. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९६० च्या विभाजनात महाराष्ट्र आणि गुजरात या दोघांनाही वारशाने मिळाला. महाराष्ट्राने तो परवान्यांच्या वाटेने शिथिल केला. गुजरातने तो कडक ठेवला आणि २०१७ साली अधिक कडक करून मद्याच्या निर्मितीस, विक्रीस व वाहतुकीस दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली. एका बाजूला कारखाना, दुसऱ्या बाजूला बंदी, मध्ये चार तासांचा रस्ता. अशा ठिकाणी पाणी उताराकडे वाहणार नाही तर काय होईल?

आणि ते बहुधा उघड्या चोरीने वाहत नाही. परवाना घेऊन वाहते. यातच या विषयाची मेख आहे. युक्ती फार सोपी. इंदूरच्या किंवा धारच्या गोदामातून माल निघतो तो अलीराजपूर जिल्ह्यातल्या एखाद्या दुकानाच्या नावे. परवाना खरा, शुल्क भरलेले, मोहोर जागच्या जागी. सीमेलगतच्या त्या दुकानापर्यंत ट्रक पूर्णपणे कायदेशीर असतो. तिथून पुढे तो कसा जातो, कुठल्या आडवाटेने जातो, आणि एका आदिवासी गावच्या दुकानाला एवढा माल कशासाठी लागतो, याचा हिशेब करायला गणितज्ञ लागत नाही. लागतो तो हिशेब करण्याची इच्छा असलेला अधिकारी. दुसरी युक्ती दूरच्या ठिकाणाची. परवान्यावर दमणचे किंवा आणखी एखाद्या मद्य खुले असलेल्या प्रदेशाचे नाव घालायचे, आणि मार्गच असा निवडायचा की तो गुजरातेतून जाईल. माल ‘वाटेत’ उतरतो, आणि पोचल्याचा दाखला मात्र दुसऱ्या टोकाहून येतो. तिसरी युक्ती म्हणजे एकच परवाना मुदतीच्या आत दोनदा-तीनदा चालविणे. या तिन्ही युक्त्यांत ड्रायव्हरची कामगिरी गाडी हाकण्याची. कागद तयार करणारे, तपासणारे आणि पोचपावती देणारे हात निराळे.

या नाटकाचा पहिला प्रयोग इंदूरने दोनशे वर्षांपूर्वीच पाहिला आहे, आणि त्यात आपल्या गोमंतकीयांचाही भाग होता. त्या वेळी माल होता माळव्याची अफू. ईस्ट इंडिया कंपनीला तिच्यावर आपली मक्तेदारी हवी होती. पण अफू पिकत होती शिंदे-होळकरांच्या मुलखात. कंपनीने मुंबईची वाट अडविली, तेव्हा व्यापाऱ्यांनी राजपुतान्यातून पाली आणि पुढे कराची असा वाळवंटी वळसा घेतला आणि माल पोर्तुगिजांच्या दमण बंदरात आणून चीनकडे रवाना केला. दमणच्या या व्यापारात मुंबईतले गोमंतकीय व्यापारी रोजेरियो द फारिया यांचे नाव ठळक होते. अखेरीस कंपनीने हात टेकले. १८३१ साली तिने परवानापद्धत काढली. इंदूरला अफूची कचेरी. तिथे पेटीमागे १७५ रुपये भरावे, पास घ्यावा आणि माल उजळ माथ्याने मुंबईला न्यावा. तरीही दमणची वाट पुरती बंद होईना, म्हणून १८३५ साली ही रक्कम १२५ वर आणण्यात आली. पुढे १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतला, कराचीचा वळसा संपला, आणि तत्क्षणी पासाचे दर चढू लागले. १८४७ साली ते ४०० रुपयांवर गेले.

त्या व्यापाराची आम्ही प्रौढी मिरवीत नाही. चीनच्या लाखो घरांत त्याने विष कालवले. पण कंपनीच्या हिशेबनिसांना जे कळले होते ते आमच्या वित्त खात्यांना अजून उमगलेले दिसत नाही. परवान्याचा दर आणि चोरवाटेचा खर्च या दोन आकड्यांत जेवढे अंतर, तेवढी तस्करी. कंपनीने हे अंतर पाहून आपला दर खालीवर केला. आजची राज्ये ते अंतर वाढवीत नेतात आणि मग ते पोलिसांच्या दंडुक्याने भरून काढू पाहतात.

दंडुका पडतो तो कुणावर, ते कायद्याच्या कलमांतून पाहण्यासारखे आहे. मध्य प्रदेशचा अबकारी कायदा मूळचा १९१५ चा, मध्य प्रांताच्या काळातला. त्याच्या चौतिसाव्या कलमाने पन्नास लिटरांपेक्षा अधिक मद्य विनापरवाना आढळले की गुन्हा अधिक गंभीर ठरतो. आणि सत्तेचाळीस-अ या कलमाने तो माल वाहणारी गाडी सरकारजमा करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना मिळतो. फौजदारी खटला न्यायालयात चालायचा तेव्हा चालेल. गाडीचा निवाडा महसुली कचेरीत होतो, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी कारवाई सुरू केल्याची सूचना गेली, की त्या गाडीपुरते फौजदारी न्यायालयाचे हातही बांधले जातात. आपल्याला ठाऊक नव्हते आणि आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे गाडीमालकाने सिद्ध करायचे. गुजरातेत तर ठरावीक मर्यादेबाहेर मद्य सापडले की निकाल लागेपर्यंत वाहन सोडू नये, अशीच तरतूद आहे. वास्तविक ज्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने जप्त वाहने ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे कुजत ठेवू नयेत, योग्य हमी घेऊन ती लवकर मोकळी करावीत, असे बजावले, तो सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या खटल्यातला २००२ चा निकाल गुजरात राज्याविरुद्धचाच! आज देशातल्या कुठल्याही महामार्गावरच्या पोलीस ठाण्याच्या मागे डोकावून पाहावे. गवतात रुतलेले, काचा फुटलेले, टायर नाहीसे झालेले ट्रक त्या निकालाचे काय झाले ते सांगतील.

ट्रक म्हणजे काय चीज असते, हे आमच्या डिचोली, सत्तरी आणि सांग्याच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि पुन्हा २०१८ साली बंद पडल्या, तेव्हा दारात उभ्या राहिलेल्या टिप्परांचे हप्ते कसे फिटले, कुणाच्या बायकोचे दागिने गेले, हे त्या घरांना माहीत आहे. इंदूरच्या देवास नाक्यावर उभा असलेला ट्रकवाला याच जातकुळीचा. एक-दोन गाड्या, डोक्यावर कर्ज, आणि भाडे मिळविण्यासाठी वाहतूक दलालाच्या दारात खेपा. दलाल म्हणतो, माल परवान्याचा आहे. बिल्टी बरोबर, परवान्याची प्रत बरोबर, मोहोर लागलेली. त्या परवान्याचा शिक्का खरा की खोटा, हे ड्रायव्हरने कशावरून ओळखावे? मोहोर लावलेली पेटी त्याने उघडून पाहिली, तर मोहोर तोडल्याचा गुन्हा. न पाहता निघाला, तर पुरेशी काळजी न घेतल्याचा ठपका. कायद्याने या माणसाला अशा खिंडीत गाठले आहे, की तिला दोन्ही तोंडांशी पहारा आहे.

सगळेच ड्रायव्हर निष्पाप असतात, असे आमचे म्हणणे नाही. नेहमीच्या भाड्याच्या तिप्पट रक्कम हातावर पडली, रात्रीचाच प्रवास सांगितला गेला, मुख्य रस्ता सोडून आडवाट धरायला सांगितली, तर मालात काय काळेबेरे आहे हे न कळण्याइतका कुणी भोळा नसतो. प्रश्न निराळा आहे. जो जाणूनबुजून हे करतो आणि ज्याला फसवून यात ओढले जाते, त्या दोघांत फरक करण्याची सोय या व्यवस्थेत असायला हवी. ती नाही, कारण असा फरक करायचा तर तपास मागे न्यावा लागतो. ट्रकापासून गोदामाकडे, गोदामापासून परवान्याकडे आणि परवान्यापासून सही करणाऱ्याकडे. त्या दिशेने चार पावले टाकली, की तपासाच्या पायात पेटके येतात.

कचेऱ्यांविषयी आम्ही हवेत बोलत नाही. इंदूरच्या अबकारी खात्यात २०१७ साली जो घोटाळा उघडकीस आला त्याचे स्वरूप पाहावे. ठेकेदारांनी बँकेत थोडकी रक्कम भरायची, चलनावर नंतर आकडा वाढवायचा, आणि ते चलन दाखवून कचेरीतून माल उचलायचा. सरकारी खजिन्याचे चाळीस कोटींहून अधिक रुपये या वाटेने बुडाल्याचा आरोप आहे. एका चलनाची बँकेशी ताडणी करायला किती वेळ लागतो? ती ताडणी दीर्घकाळ झाली नाही. सामान्य माणसाच्या वीजबिलात आठ आण्यांची चूक झाली तर ती सापडते! आणि आपल्याकडे? २०१० साली विरोधी पक्षनेते असलेल्या मनोहर पर्रीकर यांनी परराज्यांतून येणाऱ्या मद्यार्काच्या परवान्यांवरून गोव्याच्या अबकारी खात्यात मोठा घोटाळा असल्याचा आरोप केला होता. त्या वेळी विधानसभेत केवढे रणकंदन झाले, हे जुन्या वाचकांना स्मरत असेल. म्हणजे बनावट कागद रस्त्यावर जन्मत नाही; कचेरीच्या आसपास जन्मतो आणि रस्त्यावर पकडला जातो.

मग हे परवाने मोडीतच काढावेत काय? तसे म्हणणारे आहेत, आणि त्यांच्याशी आमचे मतैक्य नाही. उज्जैनमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये ‘झिंझर’ पिऊन डझनाहून अधिक गरीब माणसे गेली. मोरेना जिल्ह्यात जानेवारी २०२१ मध्ये वीसहून अधिक गेली. गुजरातेत बोटाद परिसरात जुलै २०२२ मध्ये चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; त्यांच्या पोटात गेले ते अहमदाबादच्या कारखान्यातून बाहेर काढलेले मिथिल अल्कोहोल होते. मध्य प्रदेशने २०२१ साली कायदा बदलून विषारी दारूने मृत्यू ओढवल्यास फाशीपर्यंतच्या शिक्षेची तरतूद केली. परंतु फाशीचे कलम लिहिल्याने टँकरमधला द्रव शुद्ध होत नाही. टँकर कुठून निघाला, कुठे पोचला आणि वाटेत किती लिटर घटले, याची नोंद राहिली तरच तो माणसाच्या गळ्यापर्यंत जाण्याआधी थांबेल. या कामासाठी परवाना हवाच, आणि तो आजच्यापेक्षा अधिक खरा हवा. आमची तक्रार परवान्याविरुद्ध नाही. परवान्याचे मूळ कार्य माग ठेवणे. ते मागे पडले आणि तो केवळ शुल्क गोळा करण्याचे आणि माणूस अडकविण्याचे साधन झाला, ही आमची तक्रार आहे.

या परवान्याचे क्षेत्र आता वाढणार आहे, याकडे उद्योगवर्तुळाबाहेर फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने असा निर्णय दिला, की ‘मादक पेय’ या शब्दांत औद्योगिक मद्यार्कही येतो आणि त्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार राज्यांना आहे. सात न्यायमूर्तींचा १९८९ चा निर्णय त्यामुळे रद्द झाला. न्यायमूर्ती नागरत्ना यांचे मत तेवढे विरुद्ध पडले. राज्यांचा अधिकार मान्य झाला हे संघराज्याच्या तत्त्वाला धरून आहे, आणि ज्या मद्यार्कातून विषारी दारू जन्मते त्यावर राज्याची नजर असावी हेही योग्य. पण औषधे, रंग, रसायने आणि पेट्रोलात मिसळायचे इथेनॉल यांचे टँकरही जर उद्या प्रत्येक सीमेवर याच आयात-निर्यातीच्या चक्रात अडकले, तर सेंधव्याच्या घाटात उभ्या राहणाऱ्या रांगेची लांबी आजच मोजून ठेवावी.

मद्य हा विषय निघाला की नीतीचा प्रश्न येतो, आणि तो टाळण्याचे कारण नाही. मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाने २४ जानेवारी २०२५ रोजी महेश्वर येथे बैठक घेतली. अहिल्याबाईंच्या जन्माचे ते तीनशेवे वर्ष होते. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर यांसह सतरा धार्मिक स्थळी मद्यविक्री बंद करण्याचा निर्णय तिथे झाला, आणि १ एप्रिल २०२५ पासून तो अमलात आला. श्रद्धाळू मनाला या निर्णयाने समाधान वाटले असेल. आम्हांलाही त्याचे वावडे नाही. मात्र ओंकारेश्वराच्या वाटेवरच्या बडवाहचा कारखाना त्याच राज्याच्या परवान्याने चालतो, हेही त्याच वाटेने जाणाऱ्या यात्रेकरूला दिसते. आपल्या शेजारी चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. बंदीची रेषा नकाशावर आखली, की तिच्या बाहेरच्या अंगाला गोदामे उभी राहतात, हा अनुभव वर्ध्यापासून दाहोदपर्यंत सारखाच आहे.

आता आपल्या अंगणाविषयी. १९५० साली मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली तेव्हा गोवा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता, आणि सीमेवरून बाटल्या कशा जात याच्या कथा अजून दोडामार्गच्या म्हाताऱ्यांकडून ऐकायला मिळतात. आज सीमा परदेशाची नाही, पण गोव्यातला अबकारी दर आणि महाराष्ट्रातला दर यांतले अंतर मोठे आहे, आणि कंपनीच्या हिशेबनिसाचा नियम इथेही लागू पडतो. २०२२ साली महाराष्ट्राचे तत्कालीन उत्पादन शुल्क मंत्री शंभूराज देसाई यांनी गोव्याच्या मद्याची वारंवार तस्करी करणाऱ्यांवर संघटित गुन्हेगारीचा कायदा लावण्याची भाषा केली. गोव्यात त्यावर बरीच नाराजी उमटली. आम्हांला विचाराल तर ती नाराजी अर्धीच रास्त होती. खून-खंडणीसाठी केलेला कायदा बाटल्यांना लावणे हे अतिरेकाचे आहे, हे खरे. परंतु गोव्यातल्या घाऊक गोदामातून एकाच वेळी शेकडो पेट्या सीमेकडे निघतात, तेव्हा त्या कुणाच्या नावे निघाल्या हे विचारण्याचे काम गोव्याच्या अबकारी खात्याचे आहे, इन्सुलीच्या शिपायाचे नव्हे. आपल्या हद्दीतून माल गेला, शुल्क जमा झाले, आता पुढचे पुढच्यांनी पाहावे, ही वृत्ती आम्हांला शोभत नाही. सुट्टीवर आलेल्या पाहुण्याच्या हातीही गोव्याच्या परवान्याची चिठ्ठी देऊन आपण त्याला निर्धास्त करतो. ती चिठ्ठी गोव्याबाहेर नेण्याची मुभा देते. महाराष्ट्रात आणण्याची मुभा देण्याचा अधिकार गोव्याला नाही, हे त्याला सांगण्याचे कष्ट किती दुकानदार घेतात?

आणि या साऱ्यात मार खातो तो प्रामाणिक धाकटा उत्पादक. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. तरी ‘देशी दारू’ या जुन्या शिक्क्यामुळे राज्याबाहेर जाण्याची तिची वाट काट्यांची राहिली, कारण जवळजवळ प्रत्येक राज्य देशी दारूचा बाजार आपल्या ठेकेदारांसाठी राखून ठेवते. नेमकी हीच गत मध्य प्रदेशातल्या मोहाच्या दारूची. त्या सरकारने तिला ‘हेरिटेज’ मद्य म्हणून पुढे आणले. अलीराजपूरच्या कट्ठीवाड्यात आदिवासी बचतगटाने ‘मोंड’ नावाने ती बाटलीत भरली. ज्या अलीराजपूरच्या वाटेने कारखान्याच्या मालाचे ट्रक खऱ्याखोट्या परवान्यांवर धावतात, तिथल्याच भिल्ल स्त्रियांनी भरलेली बाटली पणजीच्या दुकानात आणायची, तर वाटेवरच्या प्रत्येक राज्याच्या शुल्काचा आणि शिक्क्यांचा डोंगर! डिचोलीच्या भट्टीवाल्याची फेणी इंदूरला पाठवायची, तरी तेच. मोठ्या कंपनीकडे परवाने मिळविण्यासाठी पगारी माणसे असतात. बचतगटाकडे ती कुठून यावीत?

उपाय अवघड नाहीत, आणि त्यांसाठी घटना बदलावी लागत नाही. राज्यांनी आपले दर आपल्यापाशी ठेवावेत. पण परवाना देशभर एकाच नमुन्याचा असावा, आणि तो कुठल्याही नाक्यावरच्या शिपायाला व स्वतः ड्रायव्हरलाही माल भरण्यापूर्वी जागच्या जागी पडताळता यावा. मध्य प्रदेशची ‘ई-आबकारी’ यंत्रणा आहे, इतर राज्यांच्याही आहेत. त्यांना एकमेकींशी बोलायला शिकविणे हे काम केंद्राने राज्यांना एकत्र बसवून करावे. पडताळलेला परवाना पुढे खोटा निघाला, तर त्याचा दोष पाठविणाऱ्यावर, घेणाऱ्यावर आणि देणाऱ्या कचेरीवर जावा. ड्रायव्हर साक्षीदार व्हावा, आरोपी नव्हे. मोहोर शाबूत असेल आणि मार्ग सोडलेला नसेल, तर गाडी हमीपत्रावर ठरावीक दिवसांत मुक्त व्हावी. मुदत वाहनाच्या बिघाडाने संपली, तर ती वाढवून देणारा माणूस रात्रीही जागा असावा. पोचल्याचा दाखला वेळेत न आल्यास चौकशी उत्पादकाच्या दारापासून सुरू व्हावी.

यातले पहिले पाऊल गोव्याला एकट्यानेही टाकता येईल. आपल्या हद्दीतून गेलेल्या प्रत्येक खेपेचा पोचल्याचा दाखला परत आला की नाही, याचा हिशेब अबकारी खात्याने दरसाल विधानसभेच्या पटलावर ठेवावा. किती ट्रक निघाले, किती पोचले, आणि जे पोचले नाहीत त्यांचे परवाने कुणाच्या नावे होते, एवढे तीन रकाने त्या तक्त्याला पुरेत. येत्या अधिवेशनात हा तक्ता मागणारा एखादा तरी आमदार निघतो का, ते आम्ही पाहणार आहोत.